अँड गेटचा आकार कोणी ठरवला?

१/ गेल्या आठवड्यात तंत्रज्ञानाच्या इतिहासावरचा एक धागा बराच फिरला. त्यात असे प्रतिपादन होते की लॉजिक गेटची वळणदार चिन्हे ही अभियंत्यांची 'वैश्विक भाषा' आहे, आणि चौकटीची चिन्हे म्हणजे युरोपातील बाबूंचा फसलेला खटाटोप, जो काळाच्या ओघात आपोआप विसरला गेला. या प्रतिपादनातील 'वैश्विक', 'बाबू' आणि 'विसरला' हे तिन्ही शब्द चुकीचे आहेत. ते का, हे क्रमाने मांडतो. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ मी इतिहासाचा विद्यार्थी. परिपथांशी माझा संबंध आला तो घरच्या एका प्रसंगामुळे. माझा मामेभाऊ आयटीआय करून एका कारखान्यात उमेदवारीला लागला. पहिल्याच महिन्यात बाहेरदेशी बनावटीच्या यंत्राच्या मॅन्युअलमधले एक पान त्याच्या हाती दिले गेले. पानभर चौकटी, त्यांत काही खुणा. त्याला काही उमगेना. 'गेटसुद्धा येत नाहीत?' असे चारचौघांत ऐकून घ्यावे लागले. रात्री त्याने मला पानाचा फोटो दाखवला. 'दादा, ही कुठली लिपी?' हा त्याचा शब्द. तो शब्द अगदी नेमका होता, हे मला नंतर कळले.

३/ आधी मूळ गोष्ट, कारण बहुतेक वाचक इतिहासाचे आहेत. साखर कारखान्यातला केन कॅरिअर घ्या. बटण दाबले आहे आणि सुरक्षाकवच बंद आहे, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच मोटर चालू व्हावी : हे झाले 'अँड'. धोक्याचे बटण दाबले गेले किंवा मोटर तापली, यांपैकी एक जरी घडले तरी ती थांबावी : हे झाले 'ऑर'. होकाराचा नकार करणे म्हणजे 'नॉट'. संगणकाचे सारे गणित अशाच अटींच्या जोडण्यांतून उभे राहते. त्या जोडण्या कागदावर दाखवायच्या, तर चिन्हे लागतात.

४/ चिन्हांचे दोन संच आज प्रचलित आहेत. पहिल्यात आकार बोलतो : अँड म्हणजे इंग्रजी 'डी' अक्षर, ऑर म्हणजे टोकदार ढाल, नॉट म्हणजे पुढे बारीक वर्तुळ असलेला त्रिकोण. दुसऱ्यात सगळ्या चौकटीच. अर्थ आतल्या खुणेत. अँडसाठी '&', ऑरसाठी 'एक किंवा एकाहून अधिक' दाखवणारी '≥१' ही खूण, एक्स-ऑरसाठी '=१'. ऑरची खूण पाहा : 'किमान एक आदान सत्य हवे' ही व्याख्याच तेथे लिहिलेली आहे. एक्स-ऑरची खूण सांगते, 'नेमके एकच'.

५/ आता पहिला दावा : वळणदार आकार नैसर्गिक व वैश्विक आहेत. बूलचे तर्काचे बीजगणित १८५४ सालच्या ग्रंथात आले. ते विजेच्या परिपथांना लागू पडते, हे क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीतील आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवले. त्यात समीकरणे आहेत, रिलेचे संपर्क आहेत. 'डी' किंवा ढाल नाही. १९४५ साली फॉन नॉयमनने एडव्हॅक यंत्राचा आराखडा लिहिला, तेव्हा त्याने मॅककलक आणि पिट्स यांच्या मज्जापेशींच्या प्रतिमानावरून वर्तुळाकार चिन्हे घेतली. म्हणजे संगणकाच्या जन्मवेळी ही 'वैश्विक भाषा' कोणालाच ठाऊक नव्हती.

६/ पुढची दोन दशके ज्याची-त्याची लिपी निराळी होती. कंट्रोल डेटा कंपनीच्या ६६०० या विख्यात यंत्राचे आराखडे वर्तुळे आणि चौकोन यांनी भरलेले आहेत. आणि आयबीएम? तिच्या यंत्रांचे तर्काराखडे संगणकच छापून देई, तेही ओळीओळीने अक्षरे उमटवणाऱ्या लाइन प्रिंटरवर. अशा प्रिंटरला वक्ररेषा कशी जमणार? म्हणून त्या आराखड्यांत अक्षरांनी रचलेल्या चौकटी असत आणि चौकटीत गेटचे नाव. चौकट ही युरोपीय बाबूंची कल्पना असल्याचे सांगणाऱ्यांनी अमेरिकेतील सर्वांत मोठ्या संगणक कंपनीचे हे कागद एकदा पाहावेत.

७/ मग 'डी' आणि ढाल प्रस्थापित कशी झाली? उत्तर रुक्ष आहे : लष्करी प्रमाणकामुळे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे मिल-एसटीडी-८०६ हे प्रमाणक १९५०च्या दशकात आकारास आले आणि १९६२ साली त्याची 'बी' आवृत्ती निघाली. अनेक कंत्राटदारांकडून इलेक्ट्रॉनिक सामग्री घेणाऱ्या खात्याला प्रत्येकाची निराळी चित्रलिपी परवडणारी नव्हती. दुरुस्तीला बसलेल्या तंत्रज्ञाने कोणत्याही कंपनीचा कागद वाचावा, हा हेतू. हेतू योग्यच होता. पण ही खात्याच्या गरजेतून निघालेली आज्ञा होती. निसर्गाचा नियम नव्हे.

८/ आज्ञा लष्कराची असली, तरी तिचा प्रसार बाजाराने केला. १९६०च्या दशकाच्या मध्यास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० मालिकेच्या चिप आल्या आणि जगभर पसरल्या. त्यांची डेटाबुके अभियंत्यांच्या मेजावर आली. प्लास्टिकच्या हिरव्या टेम्प्लेटमध्ये 'डी' आणि ढालीची भोके कापलेली मिळू लागली. पाठ्यपुस्तकांच्या लेखकांनी तेच आकार घेतले. कंत्राट, डेटाबुक, टेम्प्लेट, पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका : चिन्ह 'नैसर्गिक' वाटू लागण्याचा मार्ग हा असा असतो.

९/ दुसरा दावा : चौकट म्हणजे बाबूगिरी. जर्मनीकडे १९७६ पूर्वी स्वतःची राष्ट्रीय चिन्हे होती, आणि ती वळणदारच होती : अर्धवर्तुळे. जर्मन प्रमाणकाने ती सोडून चौकट स्वीकारली. एवढ्या मोठ्या अभियांत्रिकी परंपरेने स्वतःच्या सवयीची लिपी टाकून दिली, तर त्यामागे काही कारण असेल, एवढा विचार तरी समीक्षकाने करावा.

१०/ कारण असे. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, म्हणजे आयईसी, या विषयावर १९७२ साली पहिले प्रकाशन घेऊन आला आणि १९८३ साली ६१७-१२ हे सविस्तर प्रमाणक. या दरम्यान एका चिपमध्ये चार गेट मावत असत ते दिवस मागे पडले होते. तिच्यात गणक, नोंदक, निवडक असे आख्खे विभाग मावू लागले होते. अशा चिपला आकार कोणता द्यावा? प्रत्येक नव्या कार्यासाठी नवा आकार काढत बसलो, तर लिपीत अक्षरे किती? वळणदार संचापाशी याला उत्तर नव्हते. त्यालाही शेवटी अशा चिपसाठी चौकटच काढावी लागे, पण ती मुकी चौकट : आत नाव, कडेला तारांची नावे; वर्तन कळण्यासाठी डेटाबुक उघडा.

११/ आयईसीने चौकटीला बोलके केले. चौकटीवर 'सोळापर्यंत मोजणारा गणक' अशा अर्थाची खूण असते. शिवाय तारांचे परस्परसंबंध सांगणारी एक पद्धत आहे. एखाद्या तारेवर 'जी' हे अक्षर आणि १ हा अंक असेल, तर ज्या-ज्या तारेवर १ हा अंक दिसेल ती त्या 'जी'ची अँडच्या नात्याने अंकित. 'व्ही' असेल तर नाते ऑरचे. 'सी' असेल तर ती तार केव्हा ऐकावे हे ठरवणारी. व्याकरणाच्या अभ्यासकांना येथे पाणिनीच्या अनुबंधांची आठवण होईल : शब्दाला चिकटलेले एक अक्षर, जे स्वतः उच्चारले जात नाही, पण पुढची सारी प्रक्रिया ठरवते. हा बाबूंचा उद्योग वाटत असेल, तर बाबूंना माझा नमस्कार.

१२/ आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे, ते मान्य करू. दोन-चार गेटच्या लहान चित्रात वळणदार आकार नजरेत चटकन भरतात. चौकटींच्या रांगेत प्रत्येक खूण वाचावी लागते. अंकितांची ती पद्धत शिकायला वेळ लागतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८०च्या दशकाच्या मध्यास आपल्या डेटाबुकांत नवी चिन्हे छापली, ती समजावून सांगणारे लेखनही जोडले. तरी अनेक अभियंते जुन्याच चित्रांना चिकटून राहिले.

१३/ शिवाय काळ चुकला. त्याच सुमारास, १९८३-८४ मध्ये व्हेरिलॉग ही भाषा घडत होती. १९८७ साली व्हीएचडीएल प्रमाणित झाली. परिपथ रेखाटण्याऐवजी मजकुराने लिहिण्याचा काळ सुरू झाला. ज्या गुंतागुंतीच्या चिपसाठी बोलकी चौकट घडवली, त्या चिप चित्रांतून निसटल्या. म्हणजे चौकटीचा पराभव 'डी'ने केला असे म्हणणे अपुरे आहे. मोठ्या रचनांच्या क्षेत्रात दोघांचाही पराभव मजकुराने केला.

१४/ आणि न्यायनिवाडा तरी झाला का? अमेरिकेच्या आयईईई-९१ या १९८४च्या प्रमाणकाने चौकटीची सारी पद्धत स्वीकारली आणि वळणदार आकारही ठेवले. १९९१च्या पुरवणीतही दोन्ही आहेत. आयईसीने सांगितले की राष्ट्रीय प्रमाणकांतील वळणदार आकार पसंतीचे नसले, तरी ते आमच्या प्रमाणकाच्या विरोधात मानू नयेत. दोन्ही बाजूंनी समजून-उमजून केलेला हा समझोता. प्रमाणके लिहिणाऱ्यांनी कोणालाही विजयी घोषित केले नाही. तो निकाल लावला आपल्याकडच्या आदर्श उत्तरपत्रिकांनी.

१५/ तिसरा दावा : चौकटी विसरल्या गेल्या. कोण विसरले? कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या पीएलसी नियंत्रकांच्या भाषांचे आयईसी प्रमाणक १९९३ साली आले. त्यातील एक भाषा चित्रांची आहे, आणि ती चित्रे म्हणजे चौकटी. सीमेन्सच्या 'लोगो' या छोट्या नियंत्रकाची आज्ञावली उघडून पाहा : '&' आणि '≥१' समोर उभे राहतील. माझ्या मामेभावाला जे पान वाचता आले नाही, ते संग्रहालयातले नव्हते. ते त्या दिवशी चालू असलेल्या यंत्राचे होते.

१६/ आता महाराष्ट्राकडे वळू, कारण या दोन्ही जगांची गाठ आपल्याच राज्यात पडली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. १९६४ साली त्याच संस्थेत कंट्रोल डेटाचा ३६०० आला, अमेरिकेहून. आणि सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या पवईच्या आयआयटीत मिन्स्क-२ आला. कुलाब्याला अमेरिकी यंत्र, पवईला सोव्हिएत.

१७/ सोव्हिएत गोस्त प्रमाणकांची परंपरा चौकटीची. त्यात एक सापळा आहे : तेथे चौकटीत नुसता '१' लिहिला की त्याचा अर्थ ऑर. आयईसीत हाच '१' एकाच आदानाच्या साध्या गेटसाठी असतो. पुढे वर्तुळ जोडले की नॉट. खूण एकच, अर्थ दोन. शिलालेखातील शकाचा आकडा शालिवाहनाचा की विक्रमाचा हे न पाहता वाचणाऱ्याची जी गत होते, तीच येथे होईल. उद्या भारतीय संगणनाचा इतिहास मूळ कागदांवरून लिहायचा, तर ही साधनचिकित्सा आपल्यालाच करावी लागेल. अभियंते ती करणार नाहीत. त्यांना जुन्या कागदांची गरज उरलेली नाही.

१८/ आणि आमचा शिर्डीचा परिसर? १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी लोणीला प्रवरेचे आणि कोपरगावला संजीवनीचे महाविद्यालय सुरू झाले. साखरेच्या सहकारातून उभी राहिलेली ही ग्रामीण विद्यालये शिर्डीच्या दोन बाजूंना, तासाभराच्या आत. १९८३ हेच आयईसी ६१७-१२चेही वर्ष. योगायोग, पण बोलका. ज्या वर्षी जगाने चौकटीचे व्याकरण पूर्ण केले, त्याच वर्षी उसाच्या पट्ट्यातली मुले प्रथमच घराजवळ अभियांत्रिकी शिकू लागली.

१९/ पण पाठ्यपुस्तकांची गंगा अमेरिकेहून वाहत होती, आणि वाहते आहे. बारावीच्या भौतिकशास्त्रात अर्धवाहकांच्या प्रकरणात लॉजिक गेट येतात, ते 'डी' आणि ढालीच्या रूपात. पुढे पदविका, आयटीआय, पदवी : तेच. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. पण परिणाम असा की विद्यार्थी शिकतो अमेरिकेच्या जुन्या लष्करी वळणाने, आणि नोकरीला लागतो जर्मन वळणाच्या यंत्रावर.

२०/ माझ्या भावाने 'लिपी' शब्द वापरला, तो येथे आठवतो. शिर्डीत 'हेमाडपंत' म्हटले की साईसच्चरिताचे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोळकर डोळ्यांपुढे येतात. हे नाव त्यांना बाबांनी दिले, असे त्याच ग्रंथात आहे. मूळचा हेमाडपंत मात्र तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री. मोडी लिपी त्यानेच आणली, असे परंपरा सांगते. संशोधक ही कथा जशीच्या तशी मानत नाहीत. पण एक गोष्ट निर्विवाद : शतकानुशतके मराठी दौलतीचा कारभार मोडीत चालला, आणि आज सुशिक्षित मराठी माणसाला ती वाचता येत नाही.

२१/ का येत नाही? 'छापायला अवघड म्हणून मोडी मेली' हे उत्तर आपण सगळे देतो. पण विल्यम कॅरीचा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली श्रीरामपुरात छापला गेला, त्यातील मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत. (हे बंगालमधले श्रीरामपूर, आपल्या जिल्ह्यातले नव्हे.) म्हणजे छापता येत होती. छपाईची अडचण खरी होती, पण निर्णायक ठरले ते सरकारी दप्तराने आणि शाळेने बालबोध निवडणे. शाळेतून जे जाते, ते एका पिढीत परके होते. लिपी दुबळी होती म्हणून गेली असे नाही. शिकवणे थांबले म्हणून ती गेली.

२२/ त्याची किंमत आपण मोजतो आहोत. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि गावोगावच्या वाड्यांत मोडी कागदांचे ढीग आहेत, वाचणारे मोजके. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, ती हे कागद मुके होऊ नयेत म्हणून. आपण मोडीचे वर्ग लावतो, मोडी वाचता येण्याचा अभिमान बाळगतो. तोच इतिहासप्रेमी समाज एका चालू चिन्हलिपीला 'विसरलेली' म्हणून हसतो, हे मला समजत नाही.

२३/ आक्षेप येईल : विद्यार्थ्यांवर आणखी एक ओझे कशाला? ओझे किती, ते पाहा. अँड, ऑर, नॉट, नँड, नॉर, एक्स-ऑर : सहा गेट. नँड आणि नॉर म्हणजे अँड आणि ऑरच्या चौकटीलाच पुढे एक वर्तुळ. म्हणजे नव्या खुणा चारच. एक पान, एक तास. ज्या मुलाला सत्यसारणी समजते, त्याला हे त्याच दिवशी समजते.

२४/ दोन प्रमाणे एकत्र नांदू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी राहाता तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याशी बोलावे. त्याचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, व्यवहार गुंठ्यांत आणि एकरांत. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा त्याहून किंचित मोठा. त्याला दोन्ही कळतात, कारण दोन्हींशिवाय त्याचे चालत नाही. तलाठ्याने त्याला कधी 'गुंठा म्हणालास, आता गुण कापतो' असे म्हटलेले नाही.

२५/ म्हणून माझी मागणी साधी आहे. जेथे लॉजिक गेटचे चित्र छापले जाते, तेथे शेजारी चौकटही छापा. उत्तरपत्रिकेत दोन्ही चिन्हे ग्राह्य धरा. आयटीआयच्या कार्यशाळेत निदान एका खऱ्या यंत्राच्या मॅन्युअलचे पान भिंतीवर लावा. आणि इतिहासाच्या मित्रांनो, 'जे टिकले ते श्रेष्ठ' हे वाक्य लिहिण्यापूर्वी विचारा : ते टिकावे म्हणून पैसे कोणी दिले, छापले कोणी, आणि परीक्षा कोणी घेतली? राजघराण्यांच्या बाबतीत हे प्रश्न आपण सहज विचारतो. चिन्हांनाही तेच लागू आहेत.

२६/ त्या रात्री आम्ही दोघांनी ते पान वहीत उतरवले : डावीकडे चौकट, उजवीकडे 'डी' किंवा ढाल. पाऊण तास लागला. शेवटची चौकट उलगडल्यावर तो म्हणाला, 'म्हणजे हे सगळं मला येतच होतं की!' येतच होते. पण चारचौघांत ऐकून घेताना त्याला वाटले होते की आपणच कमी पडलो.

२७/ धागा संपला. कोणाकडे घरात जुनी डेटाबुके, गेटचे टेम्प्लेट किंवा १९६०-७०च्या दशकांतील परिपथांचे आराखडे असतील, तर रद्दीत देऊ नका. फोटो काढून खाली जोडा. आणि मूळ धाग्याच्या लेखकाला मतभेद असल्यास त्याने तेही खाली लिहावे. उत्तर देईन.